मागील दारची भाकरी

कोकणातल्या जुन्या घराचा नकाशा तिथल्या कुत्र्याला पाठ असायचा. अंगण त्याचं. पावसाळ्यात पडवीचा एक कोपरा त्याचा. पाहुणे नसतील तेव्हा ओटीच्या पायरीवर हनुवटी टेकवून पडायला हरकत नसे. माजघराच्या उंबऱ्याला पाय लागला, की मात्र आतून "हाड्!" ऐकू येई आणि हाताला लागेल ते भिरकावलं जाई. त्याच्या जेवणाची जागा मागील दारी, भांडी घासायच्या दगडाजवळ.

गुहागर तालुक्यातलं वेळणेश्वर हे अशा घरांचं गाव. शंकराचं जुनं देऊळ, महाशिवरात्रीची जत्रा, माडा-पोफळींच्या वाड्या आणि देवळाला लागूनच पुळण. गोखल्यांसह अनेक कोकणस्थ घराण्यांचं हे कुलदैवत. नामदार गोखल्यांचं जन्मगाव कोतळूकही याच तालुक्यातलं. वाडीत वानरं, शेतात रानडुकरं, रात्री केव्हातरी बिबट्या, त्यामुळे दाराला कुत्रा हवाच. टिप्या, वाघ्या, काळू, मोत्या एवढ्या नावांत गावची निम्मी कुत्री बसत. कुत्रा विकत आणायची रीत नव्हती आणि त्याच्यासाठी वेगळं रांधायची तर नव्हतीच नव्हती. भाताच्या टोपाची खरवड, उरलेली पेज, ताटांतलं खरकटं, मासळी खाणाऱ्या घरांत मुंडकी नि काटे, आणि परातीत शेवटी राहिलेल्या पिठाची थापलेली लहानशी भाकरी, एवढा त्याचा शिधा.

एवढ्यावर पोट सुटणं कठीणच. रात्रभर वाडीची राखण, दिवसा वानरांमागे धाव, आणि वाट्याला आलेलं दुसरं कुत्रं पळवणार नाही याची काळजी. पण म्हणून जुन्या काळच्या कुत्र्याला 'सडसडीत' म्हणून गौरवण्यातही अर्थ नाही. त्यांतली बरीचशी सरळसरळ उपाशी असत. गोचिडांनी आणि जंतांनी पोखरलेली असत. त्यांना किती मिळावं हे घरातल्या उरल्यासुरल्यावर ठरे, त्यांच्या भुकेवर नव्हे.

आज याच तालुक्यातून मुंबई-पुण्याला गेलेल्या घरांत लॅब्रेडॉर किंवा पग सोफ्यावर लोळत असतो, आणि त्याचं वजन ही दवाखान्यातली नेहमीची तक्रार झाली आहे. मागील दारापासून सोफ्यापर्यंतच्या या वाटेवर कुत्र्याच्या घासामागची कारणं अनेकदा बदलली. पुण्य, राखण, मानमरातब, कौतुक. कुत्र्याला लागतं किती, हा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नाही. तो विचारला गेला विसाव्या शतकात, आणि तोही प्रयोगशाळेत.

धर्मशास्त्राने कुत्र्याचा वाटा फार पूर्वीच काढून ठेवला होता. वैश्वदेव झाल्यावर गृहस्थाने अन्नाचा थोडा भाग जमिनीवर ठेवायचा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात या वाट्याचे धनी सांगितले आहेत. त्यात कुत्री आहेत, कावळे आहेत, किडेमुंग्या आहेत, आणि त्यांच्याच पंगतीत समाजाने बाहेर काढलेली माणसं आणि रोगीही आहेत. ही यादी वाचताना कुत्र्याविषयीच्या दयाबुद्धीचं कौतुक घशातच अडकतं. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता तिथे माणसांना होता. कोकणातल्या घासाचा इतिहास सांगताना ही बाजू वगळता येत नाही.

मागील दारी ठेवलेला तो घास खरं तर दारच्या काळूसाठी नव्हताच. ऋग्वेदातल्या यमसूक्तात सरमेचे दोन पुत्र, चार डोळ्यांचे कुत्रे, यमाच्या वाटेवर पहारा देतात. पुढच्या परंपरेत त्यांना श्याम आणि शबल म्हटलं आहे आणि श्वानबळी त्यांच्या नावाने द्यायचा असतो. काळू हा मधला निरोप्या. घास केवढा असावा हे देणाऱ्याच्या ऋणमुक्तीवर ठरलेलं होतं आणि त्याला एक चिमूट किंवा एक मूठ पुरत असे. तीच गोष्ट भाकरतुकड्याची. मुंबईहून चाकरमानी आला किंवा नवी सून उंबऱ्याशी आली, की भाकरीचा तुकडा ओवाळून दूर टाकायचा. दृष्ट कुणाची निघायची ती निघो, तुकडा कुत्र्याच्या पोटात जायचा.

महाराष्ट्राच्या लोकदैवतांनी कुत्र्याला याहून बराच वर चढवला. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे वेदांच्या रूपाने उभे राहिले. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो, आणि देवाचे वाघ्ये स्वतःला खंडोबाची कुत्री म्हणवतात. भिक्षेसाठी त्यांच्याजवळ कोटंबा असतो, लाकडाचं चौकोनी पात्र. काही ठिकाणी यात्रेत वाघ्ये भुंकत येऊन त्यातलं अन्न कुत्र्यासारखं तोंडाने खातात. देवाच्या पंगतीला बसण्यासाठी माणसाने कुत्रा व्हावं, ही कल्पना मनुस्मृतीतल्या यादीला जणू उलटी करून ठेवते.

आणि नामदेव. त्यांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. महिपतीबुवांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'ने नामदेवांच्या कथा घराघरांत पोचवल्या, आणि ही गोष्ट मराठी मुलांना पाढ्यांच्या आधी कळते. सर्वांभूती ईश्वर पाहण्याची ही पराकाष्ठा. पण गोष्ट ऐकणाऱ्या पिढ्यांच्या मनात तिच्याबरोबर आणखी एक समजूत उतरली: कुत्र्यावर प्रेम करायचं म्हणजे त्याच्या भाकरीवर तूप घालायचं. पन्नास ग्रॅम तुपाची एक वाटी म्हणजे सुमारे साडेचारशे उष्मांक. नामदेवांच्या काळातल्या मोकाट, हडकुळ्या कुत्र्याला ते अमृतच झालं असतं. चौथ्या मजल्यावरच्या पगला तेवढ्यात दिवसभराचं जेवण होऊन वर उरतं.

कुत्र्याला काय द्यावं याचा सगळ्यात नेमका विचार एका जुन्या धर्मग्रंथात सापडतो, आणि तो ग्रंथ हिंदूंचा नाही. पारशांच्या 'वेंदिदाद'चा तेरावा फर्गर्द, म्हणजे अध्याय, मुख्यतः कुत्र्यांविषयीच आहे. कळपाच्या, घराच्या आणि भटक्या कुत्र्यांच्या पायऱ्या लावून, कोणाला वाईट अन्न दिलं तर किती फटके, हे तिथे मोजून दिलं आहे. कुत्र्याचा खरा आहार म्हणून दूध, चरबी आणि मांस यांचं नाव घेतलं आहे. पंधराव्या फर्गर्दात तर फार कठीण हाडं आणि फार कढत अन्न कुत्र्याला घालणं हे पापांत धरलं आहे, कारण हाड दातांत किंवा घशात अडकतं आणि कढत घासाने जीभ भाजते. पशुवैद्य आजही शिजलेली हाडं देऊ नका म्हणून बजावतात, तेव्हा ते याच वाटेवर असतात. पारशी घरांत जेवणाआधी कुत्र्याचा घास बाजूला काढायची चाल होती.

म्हणूनच ६ जून १८३२ रोजी मुंबईच्या रस्त्यांवर जे घडलं ते घडलं. मोकाट कुत्री मारण्याची मोहीम कंपनी सरकारने चालवली होती आणि कुत्र्यामागे बक्षीस लावलं होतं. बक्षिसापोटी मारेकरी घरांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. त्यात तो दिवस पारशांच्या सणाचा. जमावाने मारेकऱ्यांना चोपलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, इतर समाजांचे व्यापारीही सामील झाले, आणि किल्ल्यातल्या नि कुलाब्याच्या साहेबांना न्याहारीचे पाव-दूध मिळेना. लष्कर बोलवावं लागलं. मुंबईच्या पहिल्या मोठ्या दंग्यांत या 'कुत्र्यांच्या दंग्या'ची गणना होते.

राजेरजवाड्यांच्या कुत्र्यांची गोष्टच वेगळी. हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे, की बाबिलोनच्या इराणी सुभेदाराकडे हिंदुस्थानी शिकारी कुत्री इतकी होती, की त्यांना खाऊ घालण्याच्या बोलीवर चार मोठ्या गावांना बाकीचे कर माफ होते. कुत्र्यांच्या भाकरीसाठी चार गावांचा महसूल! कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, तेव्हा राजाच्या करमणुकींत कुत्र्यांना स्वतंत्र प्रकरण दिलं: कोणत्या प्रदेशाचा कुत्रा कसा, रानडुकरावर त्याला कसा सोडावा. तिथे कुत्र्याला पोसायचं ते धावण्यासाठी.

आणि मग साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचा कुत्रा, परंपरेने ज्याला खंड्या म्हटलं जातं. त्याने शाहूंना वाघापासून वाचवलं होतं. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलं आहे, की एकदा सरदारांची भेट घेताना शाहूंनी भर दरबारात या कुत्र्याला जरीचा पोशाख आणि जवाहीर घातलं, स्वतःचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं, आणि त्यानंतर स्वतः कधी पागोटं बांधलं नाही. कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद निघाली, पालखीचा मान मिळाला, आणि तो पालखीचा सरंजाम खरोखर ठेवलाही गेला. ग्रँट डफ या प्रकाराला बुद्धिभ्रंश म्हणतो. मराठी मन त्यात कृतज्ञता पाहतं, आणि सरदारांना मारलेली चपराकही. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीला, खंड्याची समाधी आहे. मोहिमेत मारल्या गेलेल्या मुंबईच्या कुत्र्यांपासून पालखीतल्या खंड्यापर्यंत अंतर मोठं खरं, पण पालखी मिळाली की चालणं सुटतं, हे मराठी मुलखात कुत्र्याच्या बाबतीत बहुधा पहिल्यांदा तिथेच दिसलं.

चालणं, नव्हे धावणं, ज्यांचं कधी सुटलं नाही ते कुत्रे थोडे पूर्वेला. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी शिकारी कुत्र्यांची पैदास मनावर घेतली आणि 'मुधोळ हाउंड' हे नाव जगाला कळलं. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटं काढली, त्यांत हा कुत्रा होता. सोलापूर, सांगली, लातूरकडे त्याचाच भाऊबंद 'कारवान' म्हणून ओळखला जातो. भाकरी आणि दूध यांवर वाढणारा हा कुत्रा मुळातच चिंचोळ्या कमरेचा. नव्याने पाळणाऱ्या शहरी मालकाला त्याच्या शेवटच्या बरगड्या दिसल्या की अपराधी वाटतं आणि तो वाढून वाढून कुत्र्याची कंबर बुजवून टाकतो. निरोगी कुत्रा कसा दिसतो हेच आपण विसरलो आहोत, याचा याहून चांगला दाखला नसेल.

कुत्र्यासाठी माणूस ठेवायची पद्धत साहेबाच्या घरीही होती. कंपनीच्या काळातल्या बंगल्यांत नोकरांच्या लांबलचक यादीत कुत्री सांभाळणारा 'डोरिया' असे. त्याच साहेबाच्या देशात साधारण १८६० मध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकनाने कुत्र्यांसाठी पहिलं कारखानी खाणं विकायला काढलं. गहू, भाज्या, बीट आणि मांस यांची ती वडी होती. बंदरावरची कुत्री जहाजांतून फेकलेली कडक बिस्किटं चघळताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कुत्र्यांच्या प्रदर्शनांचा प्रख्यात आयोजक चार्ल्स क्रफ्ट याने उमेदवारी केली ती याच स्प्रॅटच्या कंपनीत. मुंबईत प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारी संस्था १८७४ मध्ये निघाली आणि परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये. पण तिथे शिकणाऱ्यांसमोर रोगी म्हणून उभे असत ते घोडे आणि बैल. कुत्र्याच्या पोटाची चिंता करण्याइतका वेळ कुणालाच नव्हता.

महाराष्ट्राचं खरं 'डॉग बिस्किट' मात्र विलायतेहून आलं नाही. ते विलेपार्ल्यात भाजलं गेलं. १९२९ मध्ये सुरू झालेल्या पार्लेने १९३९ च्या सुमारास ग्लुकोजची बिस्किटं करायला घेतली. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांचं 'पार्ले-जी' झालं. माणसांच्या मुलांसाठी केलेली ही गोड बिस्किटं आज चहाच्या टपरीवर, एसटी थांब्यावर, पुळणीवर कुत्र्यांना सर्रास घातली जातात. पुडा स्वस्त, हात बरबटत नाही, आणि शेपटी लगेच हलते. एका बिस्किटात साधारण पंचवीस उष्मांक असतात. एका पुड्याचा हिशेब कोणी करत नाही, कारण देणाऱ्यासाठी तो पुडा म्हणजे पाच-दहा रुपयांचं पुण्य असतं.

कुत्रा उंबऱ्याच्या आत आला तो चाळी संपून फ्लॅट सुरू झाले तेव्हा. आधी पांढराशुभ्र स्पिट्झ, ज्याला सगळे पॉमेरियनच म्हणत. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीने त्याला जावयासारखा मान दिला. मग लॅब्रेडॉर. मग २००३ मध्ये हचच्या जाहिरातीतला पग मुलाच्या मागे मागे चालला आणि पगांची साथच आली. फ्लॅटमध्ये राखण करायला काही नव्हतं. दिवसातून दोनदा खाली नेऊन आणणं, एवढाच त्याचा व्यायाम उरला. निर्बीजीकरणाने पिलावळ थांबली, तसंच शरीराला लागणारं इंधनही घटलं, पण वाटीचा आकार तोच राहिला. आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र घास आला. सकाळी आजोबांच्या चहातलं बिस्किट, दुपारी आजीच्या पोळीचा तुकडा, संध्याकाळी मुलांचा खाऊ, रात्री कामावरून परतलेल्यांचं प्रायश्चित्त. प्रत्येकाला वाटतं, आपण एवढंसंच दिलं. ते खरंही असतं.

भाकरीला मात्र दोष देऊ नये. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात त्या कितीतरी अधिक, काहींत तीसपर्यंत. शेती करणाऱ्या माणसाच्या उकिरड्यावर वाढता वाढता लांडग्याचा कुत्रा भातभाकरी पचवायला शिकला. कोकणातल्या काळूच्या पेजेला हे वैज्ञानिक प्रशस्तिपत्रक उशिरा मिळालं. नुसत्या पेजेत प्रथिनं तोकडी पडतात, ती उणीव मासळीच्या मुंडक्यांनी काहीशी भरून निघत असे.

कुत्र्याला लागतं किती, याकडे नीट पाहिलं गेलं ते आजाराच्या निमित्ताने. १९३९ मध्ये अमेरिकेत मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांची बडी ही मार्गदर्शक कुत्री मूत्रपिंडाच्या विकाराने खंगली. मार्क मॉरिस या पशुवैद्याने तिच्यासाठी खास आहार बेतला आणि पत्नीच्या मदतीने घरीच बरण्यांत भरून पाठवायला सुरुवात केली. १९४८ मध्ये तो कारखान्यात बनू लागला. औषध म्हणून आहार ही कल्पना तिथून रुळली आणि पुढे वजन उतरवण्याचे आहारही त्याच रांगेत आले. १९९७ मध्ये डॉटी लाफ्लेम यांनी कुत्र्याचं अंग हाताने चाचपून, वरून आणि बाजूने पाहून एक ते नऊ गुण द्यायची पद्धत पक्की केली. बरगड्या दिसत नाहीत पण हलक्या हाताला लागतात आणि वरून पाहिलं तर कंबर दिसते, असा कुत्रा चार-पाच गुणांचा, म्हणजे उत्तम. बरगड्या शोधाव्या लागल्या की आकडा सहाच्या वर गेला.

यातला सगळ्यात बोलका प्रयोग ४८ लॅब्रेडॉरांवर चौदा वर्षं चालला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच विणीतल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी जेवण. पोटभर खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य ११.२ वर्षं भरलं, कमी खाणाऱ्यांचं १३. सांधेदुखीही त्यांना बरीच उशिरा लागली. तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या घरांना हे पचायला जड आहे, कारण इथे कमी वाढणाऱ्याच्या कुत्र्याला जवळजवळ दोन वर्षं अधिक मिळाली.

लॅब्रेडॉरच्या केविलवाण्या डोळ्यांचा उलगडा २०१६ मध्ये केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन यांच्या गटाने केला. पोमसी नावाच्या जनुकातला एक तुकडा सुमारे चौथाई लॅब्रेडॉरांत गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. २०२४ मध्ये त्याच गटाने दाखवलं, की अशी कुत्री स्वस्थ पडली असताना ऊर्जाही सुमारे चतुर्थांश कमी जाळतात. त्यांना भूक अधिक आणि गरज कमी. खाऊच्या लोभाने ती पटकन शिकतात, म्हणून की काय, अंधांना मदत करणाऱ्या लॅब्रेडॉरांत हा दोष फार मोठ्या प्रमाणात आढळला. तेव्हा 'आमचा फार हावरट आहे' म्हणून त्याला बोल लावण्यात काही हशील नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा लॅब्रेडॉर ३६ किलोचा झाला आहे आणि त्याने २८ किलोचं असायला हवं. पशुवैद्य आधी रक्त तपासतात, कारण थायरॉइड मंदावल्यानेही वजन चढतं. ते ठीक निघालं, की हिशेब धरायचा तो आजच्या वजनाचा नव्हे, गाठायच्या वजनाचा. २८ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला रोज सुमारे ८५० उष्मांक लागतात. वजन उतरवताना सुरुवात साधारण तेवढ्यापासून होते. त्यातला खाऊचा वाटा दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८५. तीन पार्ले-जींत तो संपतो. पन्नास ग्रॅम पिठाची तांदळाची भाकरी १८० च्या घरात जाते.

आठवड्याला एक ते दोन टक्के, म्हणजे या कुत्र्याचं अर्धा किलो उतरलं तरी वेग चांगला. आठ किलोंना चार महिने. उपास घडवायचा नाही. उपासाने चरबीबरोबर स्नायूही झडतात. नेहमीचंच खाणं नुसतं निम्मं करणंही बरोबर नाही, कारण त्याबरोबर प्रथिनं आणि क्षारही निम्मे होतात. म्हणून प्रथिनं राखून उष्मांक घटवलेला आहार पशुवैद्याकडून बेतून घ्यावा लागतो. घरचंच द्यायचं तर काटे काढलेली उकडलेली मासळी, अंड्याचा पांढरा भाग, आणि भात घटवून त्या जागी दुधी, लाल भोपळा, फरसबी, काकडी असं काही, सगळं बिनफोडणीचं. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात, द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, सुक्या मासळीत मीठ फार. वाढायचं ते वाटीने नव्हे, स्वयंपाकघरातल्या तराजूवर, कारण वाटी प्रत्येकाच्या हातात वेगळी भरते.

वेळणेश्वरच्या पुळणीवर हा हिशेब कोणाला लावायचा? १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण वाहती झाली आणि घरगुती खाणावळी नि निवासांबरोबर या किनाऱ्यांवर पर्यटकांचा राबता वाढला. दिवाळीपासून मेपर्यंत बिस्किटं, वेफर, मटणाची हाडं. जूनपासून पाहुणे आटतात, आणि त्यातले पहिले दोन महिने मासेमारीही बंद. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांची चैन आणि उपासमार अशी हंगामावर चालते. आणि त्या मोकाट भुकेची झळ इतरांनाही बसते. याच किनारपट्टीवरच्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला घेतली, तेव्हा त्यांना कुंपणाच्या आत हलवावं लागलं ते माणसांबरोबरच कोल्ह्या-कुत्र्यांपासूनही. उलट कुत्रं स्वतः बिबट्याचं खाद्य: अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वाधिक वाटा, ३९ टक्के, पाळीव-भटक्या कुत्र्यांचाच निघाला. मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत २०२३ च्या केंद्रीय नियमांनी घास कुठे आणि केव्हा द्यायचा याची बंधनं घातली आहेत: मुलं खेळतात तिथे नको, जिन्याशी नको, वर्दळीच्या वेळी नको.

गणपतीला मुंबईचा लॅब्रेडॉर गाडीत मागच्या सीटवर बसून गावच्या घरी येतो. त्याला आता ओटी, माजघर, सगळं मोकळं असतं. उकडीचा मोदक तुपाशिवायही सव्वाशे उष्मांकांच्या आसपास जातो, आणि काही घरांत सारणात बेदाणेही असतात. पाच दिवस, दहा-बारा माणसं, प्रत्येकाच्या हातात एकेक मोदक, आणि "सणाचा दिवस आहे, खाऊ दे त्याला" म्हणणारी आत्या. अशा घरांसाठी पशुवैद्यांची एक साधी युक्ती आहे. सकाळीच त्याचं दिवसभराचं मोजलेलं खाणं एका डब्यात भरून ओटीवर ठेवायचं. ज्याला लाड करायचे त्याने त्या डब्यातूनच उचलून द्यायचं, मोदकाला हात लावायचा नाही. दुपारपर्यंत डबा संपला, तर संध्याकाळी त्याला घेऊन पुळणीवर चालायला जायचं.